त्रिनिदाद : दाराबाहेरच्यांनी घडविलेले बेट

कॅरिबियन बेटांचे नाव निघाले की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते : निळेशार पाणी, पांढरी वाळू, वाऱ्यावर डोलणारे माड आणि त्यांच्या सावलीत पहुडलेला परदेशी पाहुणा. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांनी हे चित्र इतके रूढ केले आहे की, त्या वाळूच्या मागे माणसे राहतात आणि त्या माणसांनाही काही इतिहास आहे, याचा सहज विसर पडतो. या बेटमालिकेच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून अवघ्या ११ किलोमीटरवर असलेले त्रिनिदाद बेट मात्र पाहुण्याला फार काळ असे पहुडू देत नाही. तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण जे पाहायला माणसे दूरदूरहून येतात, त्यांतील बहुतेक गोष्टींच्या मुळाशी गेले की एकच कथा पुनःपुन्हा हाती लागते. कोणी तरी ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांनीच त्या उभ्या केल्या आहेत.

या बेटाचे नावच आपल्या श्रद्धेतून आलेले आहे. तिसऱ्या सफरीवर निघालेल्या कोलंबसाने, जी भूमी प्रथम दिसेल तिला पवित्र त्रैक्याचे नाव देण्याचा संकल्प केला होता. ३१ जुलै १४९८ रोजी क्षितिजावर तीन शिखरे दिसली आणि बेटाचे नाव ‘त्रिनिदाद’ पडले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे हे बेट स्पेनच्या ताब्यात होते. परंतु सोन्याच्या शोधात गुंतलेल्या त्या साम्राज्याने त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. वस्ती वाढावी म्हणून १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने एक सनद काढली आणि परदेशी मळेवाल्यांना तेथे जमिनी देऊ केल्या. अट अशी की, येणारा कॅथलिक असला पाहिजे आणि त्याने स्पेनच्या राजाशी इमान राखले पाहिजे. या सनदेमुळे आसपासच्या बेटांवरील फ्रेंच कॅथलिक मळेवाले मोठ्या संख्येने आले. त्यांनी आपल्याबरोबर आपली श्रद्धा आणली, आपली भाषा आणली आणि हजारो आफ्रिकी गुलामही आणले. १७९७ मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. राज्य इंग्रजांचे, कायदे स्पेनचे, मळेवाल्यांची बोली फ्रेंच आणि घाम आफ्रिकेचा, अशा विचित्र मिश्रणातून त्रिनिदादचा समाज आकारास आला.

हे सारे एका दृष्टिक्षेपात समजून घ्यावयाचे असेल, तर पाहुण्याने प्रथम माउंट सेंट बेनेडिक्टचा डोंगर चढावा. तुनापुना गावाच्या वर, उत्तरेकडील डोंगररांगेच्या कुशीत बेनेडिक्टाइन संन्याशांचा हा मठ आहे. ब्राझीलमधील बाहिया येथून आलेल्या संन्याशांनी १९१२ मध्ये त्याची स्थापना केली. प्रार्थना आणि श्रम हे बेनेडिक्टाइन जीवनाचे ब्रीद येथील संन्याशांनीही जपले. त्यांनी तयार केलेल्या दह्याचे नाव बेटावर घरोघरी माहीत झाले. मठाच्या सज्जात उभे राहिले की पायथ्याशी कारोनीचे विस्तीर्ण मैदान पसरलेले दिसते. एके काळी ते उसाने भरलेले होते. २००३ मध्ये सरकारी साखर कंपनी बंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत साखरेचा उद्योगच संपला. ऊस गेला, पण उसासाठी आणलेली माणसे राहिली. त्यांची कथा आता खाली उतरून पाहावी.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे कार्निव्हल. राखेच्या बुधवारापूर्वीच्या सोमवारी आणि मंगळवारी सारे शहर रस्त्यावर येते. सोमवारी पहाटे, अंधार असतानाच, चिखलाने आणि रंगाने माखलेल्या जथ्यांनी उत्सवाला सुरुवात होते. पाहुण्याला यात केवळ मौज दिसते. त्याचा आरंभ मात्र एका बंद दाराशी झाला. प्रायश्चित्तकाळापूर्वी फ्रेंच मळेवाले आपल्या वाड्यांतून मुखवटे घालून नृत्यसमारंभ करीत. गुलामांना त्यात प्रवेश नसे. मळ्यातील उसाला आग लागली की रात्री-अपरात्री मशाली आणि चाबूक यांच्या धाकाने गुलामांना आग विझवायला हाकलले जाई. मळेवाले त्या प्रसंगाचीही नक्कल करून करमणूक करून घेत. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पुढील चार वर्षांच्या सक्तीच्या उमेदवारीनंतर, १ ऑगस्ट १८३८ रोजी माणसे खऱ्या अर्थाने मुक्त झाली, तेव्हा त्यांनी तीच मशालींची मिरवणूक स्वतः काढली. जी त्यांच्या छळाची खूण होती, ती त्यांनी आपल्या स्वातंत्र्याची खूण केली. या मिरवणुकीचे नाव ‘कॅनबुले’. ‘जळालेला ऊस’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून ते आलेले आहे.

इंग्रज अधिकाऱ्यांना हा गलका मानवला नाही. १८८१ मध्ये पोलिसांनी मिरवणूक अडवली आणि राजधानीच्या रस्त्यांवर मोठा संघर्ष झाला. त्या प्रसंगाचे नाट्यरूप आजही कार्निव्हलपूर्वीच्या शुक्रवारी पहाटे सादर होते. पाहुण्याने एखाद्या दिवसाची झोप मोडून पाहावे, असेच ते आहे. पुढे मशाली आणि ढोल यांवर बंदी आली, तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. बांबूच्या जागी पत्र्याचे डबे आले आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून तेलाच्या रिकाम्या पिंपांना ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले गेले. हेच ‘स्टीलपॅन’ नावाचे वाद्य. ते वाजविणारी लाव्हेंटील टेकडीवरची गरीब मुले तेव्हा सभ्य घरांच्या दृष्टीने गुंड होती. १९५१ मध्ये या बेटावरील वादकांचे पथक लंडनच्या महोत्सवात वाजवून आले आणि लोकांची नजर बदलू लागली. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून जाहीर केला.

मंगळवारी मध्यरात्री उत्सव थांबतो. दुसऱ्या दिवशी अनेक भाविक कपाळावर राख घेण्यासाठी चर्चमध्ये जातात आणि तेथून थकलेले शरीर सैल करण्यासाठी उत्तरेकडील माराकासच्या किनाऱ्यावर. पत्रकांत असते तसली वाळू येथे आहे.

गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते. ते हिंदुस्थानातून आणले गेले. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार हिंदी माणसे करारावर या बेटावर गेली. त्यांतील बहुसंख्य कलकत्त्याहून निघालेली, भोजपुरी बोलणारी होती. काही मद्रासहून गेली. मुंबई बंदरातून निघालेल्या मराठी मजुरांचा मार्ग मॉरिशसकडे गेला, म्हणून त्रिनिदादमध्ये आपल्या बोलीचा माग लागत नाही. राजधानीसमोरच्या आखातातील नेल्सन बेटावर या मजुरांना उतरवून त्यांची तपासणी होई आणि तेथून मळ्यांत वाटणी. आज नावेने तेथे जाता येते. अवघ्या काही एकरांच्या त्या खडकावर उभे राहिले की, पाच वर्षांचा करार, मळ्याबाहेर पाऊल टाकण्यासाठी लागणारा परवाना आणि परवान्याविना सापडल्यास होणारी शिक्षा, हे सारे केवळ पुस्तकातले शब्द राहत नाहीत.

नेल्सन बेटाहून परतल्यावर दुपार टळताना कारोनीच्या खाजणात नावेतून जावे. सूर्य मावळतीला आला की रात्रीच्या विसाव्यासाठी तांबडे शराटी पक्षी थव्याथव्यांनी येतात आणि कांदळवनाची हिरवी झाडे फुलांनी लगडल्यासारखी लाल होतात. खाजणातील लहान कवचधारी जीव खाऊन त्यांच्या पिसांना हा रंग चढतो. हा बेटाचा राष्ट्रीय पक्षी. तरीही मांसासाठी त्याची चोरटी शिकार होत असे. २०१८ मध्ये कायदा कडक करून त्यासाठी एक लाख त्रिनिदाद डॉलर दंड आणि दोन वर्षांपर्यंतचा कारावास ठेवण्यात आला.

खाजणाच्या दक्षिणेस, पश्चिम किनाऱ्यावरील वॉटर्लू गावी समुद्रात एक देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर एक लहान मंदिर बांधले. जमीन साखर कंपनीची होती. कंपनीने मंदिर पाडायला लावले. साधूला दंड आणि कारावास झाला. जमिनीवर जागा नाही, तर समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, असा विचार करून या माणसाने ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगड-माती वाहून नेत समुद्रात भर घालायला सुरुवात केली. हे काम त्याने सुमारे पंचवीस वर्षे केले. लाटांनी अर्धवट खाल्लेले ते मंदिर, हिंदी आगमनाच्या दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने, १९९०च्या दशकाच्या मध्यास सरकारी साहाय्याने नव्याने बांधण्यात आले. ३० मे हा दिवसही १९९५ पासून ‘हिंदी आगमन दिन’ म्हणून राष्ट्रीय सुटीचा झाला. आज पर्यटकांच्या गाड्या त्या बांधापर्यंत जातात. वाटेत टपरीवर मऊ बाऱ्यांत चण्याची उसळ घालून दिलेले ‘डबल्स’ खावे. हा पदार्थही मजुरांच्या वंशजांचीच देणगी आहे.

आणखी दक्षिणेस ला ब्रेआ येथे सुमारे शंभर एकरांचे डांबराचे तळे आहे. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले याने तेथील डांबराने आपल्या जहाजांच्या फटी बुजविल्या. वरून घट्ट आणि आतून सतत हलणाऱ्या त्या काळ्या पृष्ठभागावर वाटाड्याबरोबर चालता येते. तेथून पुढे सिपारियाची वाट धरावी. आमच्या मते या बेटावर येऊन ज्याने सिपारिया पाहिले नाही, त्याने त्रिनिदाद पाहिलेच नाही.

सिपारिया येथे स्पेनच्या कपुचिन मिशनऱ्यांनी अठराव्या शतकात ठाणे वसविले. कपुचिन संघाला ‘दिव्य मेंढपाळीण’ या रूपातील पवित्र मरियेची भक्ती विशेष प्रिय. १७०३ मध्ये सेव्हिल शहरातील फादर इसिदोर यांनी ती सुरू केली होती. हीच मूर्ती सिपारियाच्या चर्चमध्ये आहे. मूर्तीचा वर्ण सावळा, केस काळेभोर. ईस्टरनंतरच्या काळात तिचा सण भरतो आणि गावातून तिची मिरवणूक निघते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केव्हा तरी उसाच्या मळ्यांतील हिंदू मजूर या मातेच्या दाराशी येऊ लागले. त्यांना मिस्साची भाषा समजत नव्हती. त्यांना दिसली ती आपल्यासारख्या वर्णाची एक आई. त्यांनी तिला ‘सिपारी माई’ म्हटले. आजही पवित्र गुरुवारच्या रात्रीपासून उत्तम शुक्रवारपर्यंत हजारो हिंदू भाविक तेथे येतात. तांदूळ, तेल, फुले आणि दागिने मातेला वाहतात, मूल व्हावे म्हणून नवस बोलतात, झालेल्या मुलाचे जावळ काढतात आणि दाराशी बसलेल्या गोरगरिबांना दान देतात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत परधर्मीयांची रांग पाहिलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही; पण हे घडले ते परक्या भूमीवर, माणूस म्हणून कोठेही दार उघडे नसलेल्या लोकांबाबत, हे ध्यानात घ्यावे.

हा प्रवेश सर्वांना रुचला असे नाही. जगाच्या तारणासाठी झालेल्या क्रुसावरील मरणाचे ख्रिस्ती माणूस ज्या दिवशी मौनात स्मरण करतो, नेमक्या त्याच दिवशी चर्चच्या आवारात नवस आणि जावळ व्हावे, हे अनेक सश्रद्ध माणसांना अडचणीचे वाटणे स्वाभाविक होते. या संमिश्र भक्तीविषयी चर्चमध्ये वेळोवेळी शंका निघाल्या आणि त्या पोकळ नव्हत्या. उपासनेचे पावित्र्य जपणे हेही कर्तव्यच आहे. तरी परंपरा तुटली नाही. मेंढपाळीण म्हणून जिची स्थापना केली, तिच्यापाशी येणारे मेंढरू कोणत्या कळपातले, हे विचारून परत पाठविणे सिपारियाला जमले नाही.

२०११च्या जनगणनेनुसार त्रिनिदाद आणि टोबॅगो या देशात हिंदी वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के आणि आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के आहेत. कॅथलिक सुमारे २२ टक्के, तर हिंदू १८ टक्के. या समाजात ताण नाहीत असे नव्हे. निवडणुकीच्या काळात वंशाच्या भिंती तेथेही उंच होतात. पण त्या भिंतींना काही दारे आहेत आणि ती कोठे आहेत, हे पाहुण्याला दिसू शकते.

जानेवारी ते मे हा तेथील कोरडा हंगाम. कार्निव्हल, प्रायश्चित्तकाळ, पवित्र सप्ताह आणि सिपारियाचा सण याच काळात येतात. ज्या कोणाला जाण्याचा योग येईल, त्याने किनाऱ्यावर अवश्य पहुडावे. त्यात पाप नाही. परंतु वाळूवरून उठल्यावर वाड्याबाहेर उभे असलेल्यांची मशाल, जमीन नाकारलेल्याचे देऊळ आणि परक्यांनी माई म्हटलेली माता, या तीन गोष्टी पाहिल्याखेरीज परतू नये. ज्यांना योग येणार नाही, त्यांनाही सिपारियाचा प्रश्न आपल्या धर्मग्रामात विचारता येईल. आपल्या चर्चच्या पायरीपर्यंत येऊन, आत यावे की न यावे या संकोचाने थांबणारी माणसे कोण आहेत, आणि ती तेथे थांबतात ती त्यांच्या संकोचामुळे की आपल्या नजरेमुळे?