गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर आणि कोराडीची राख

मंडळी, कामठीच्या दुकानांतला गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटर आठवा. वरची काळी पट्टी बोटानं झाकली की आकडे पुसट व्हायचे. घरातल्या उजेडावर वीज बनते, हे आपण तिथंच पाहिलं.

१९५४ साली अमेरिकेच्या बेल लॅबनं सिलिकॉनचा सौर सेल दाखवला. १९८० मध्ये जपानच्या सान्योनं ट्यूबलाइटवरही चालणारा सेल कॅल्क्युलेटरमध्ये बसवला. आज तशाच सेलवर इमारतींतले छोटे सेन्सर चालतात. पंखा मात्र नाही फिरणार: दुपारचं ऊन १ लाख लक्स, ऑफिसातला उजेड ३०० ते ५००.

अन् त्या दिव्यांसाठी आपल्याच तालुक्यात, कोराडीत, १९७४ पासून कोळसा जळतोय. राख आपल्या वाट्याला. म्हणून साहेब, उजेड वेचा जरूर. पण आधी भरदिवसा जळणारे कचेरीतले दिवे विझवा, खिडक्या उघडा.