फडकं धुवायचं कुणी?

माझ्या संशोधनाचा विषय ‘पुसण्याच्या साधनांचा इतिहास’ असा आहे, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, “म्हणजे फडक्यांवर पीएचडी?” हो, फडक्यांवरच. आज त्यातल्या एका फडक्याबद्दल. तुमच्याकडे गाडी असेल तर ते तुमच्या डिकीत नक्की असणार: पिवळं किंवा निळं, लव असलेलं, कोरड्या हाताला किंचित अडकल्यासारखं लागणारं. मायक्रोफायबरचं.

आमच्या सोसायटीत गाड्या धुणारे एक काका आहेत. पहाटे साडेपाचला येतात, दोन बादल्यांत दहा-बारा गाड्या उरकतात. गेल्या उन्हाळ्यात एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर बारीक गोल ओरखडे दिसायला लागले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मालकांनी काकांना फैलावर घेतलं. मालकांचं म्हणणं, एवढं महागाचं फडकं आणून दिलं, तरी ओरखडे कसे? काकांचं म्हणणं, तुम्ही दिलंत त्याच फडक्यानं पुसली. दोघंही खरं बोलत होते आणि काकांचं काम जायची वेळ आली होती. मी ते फडकं मागून घेतलं. पापडासारखं कडक झालं होतं. लवेत सुती धाग्यांचे गोळे, आणि बोट फिरवलं तर चक्क कचकच.

हे असं का होतं, ते कळायला जपानात जावं लागेल. १९७० मध्ये तोरे या कंपनीतले मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म कृत्रिम तंतू बनवण्याची रीत काढली. एका प्लास्टिकच्या धाग्याच्या पोटात दुसऱ्या प्लास्टिकचे अनेक बारीक तंतू ठेवायचे आणि मग बाहेरचं प्लास्टिक विरघळवून टाकायचं. तिथले लोक याला ‘समुद्रातली बेटं’ म्हणतात: समुद्र आटवला की बेटं उरतात. ९,००० मीटर तंतूचं वजन एक ग्रॅमपेक्षा कमी भरलं तर तो मायक्रोफायबर, असा ढोबळ हिशोब आहे. गंमत अशी की तेव्हा पुसण्याचा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता. त्यातून निघालं ते अल्ट्रास्वेड नावाचं कृत्रिम चामडं, कोट आणि सोफ्यांसाठी.

पुसायच्या फडक्यात बहुतेकदा याचा चुलतभाऊ असतो. पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. दोन्ही एकाच धाग्यात, मोसंबीच्या फोडी आणि त्यांच्यामधली साल असावी तसे ओढायचे आणि नंतर तो धागा फोडायचा. फोडी सुट्या होतात. साधा तंतू गोल असतो, धुळीवरून घसरतो. या फोडींना कडा असतात आणि फटीही. कडा धूळ उचलतात, फटी पाणी आणि तेल ओढून घेतात. पाकिटावर ८०-२० किंवा ७०-३० लिहिलेलं असतं ते पॉलिएस्टर आणि नायलॉनचं प्रमाण.

म्हणजे या फडक्याची सगळी करामत रिकाम्या फटींमध्ये आहे. फटी बुजल्या की फडकं संपलं. हे वाक्य लक्षात ठेवा, धुण्याचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

आता आपलं सुती फडकं आठवा. आजीचं नऊवारी जुनं झालं की त्याची गोधडी किंवा बाळाचं दुपटं. ते विरलं की ताटं पुसायला, मग ओट्याला, मग लादीला आणि शेवटी पोतेरं. ही उतरंड आपल्या हातांना इतकी सवयीची आहे की ती आपण कुणाला शिकवत नाही. त्यात एक गृहीत धरलेलं असतं: सूत जितकं धुवाल तितकं मऊ होतं, तितकं पाणी जास्त पितं. खळ निघून जाते, धागा सैल होतो. साबण कुठला, कशासोबत धुतलं, याला फारसा अर्थ नसतो.

मायक्रोफायबरला असतो. काकांनी काय केलं होतं? सगळी फडकी, सुती आणि ही, एका बादलीत भिजवली. सुताचे सुटे धागे त्या कडांना चिकटले. मग साबणाची वडी घासली. कपड्यांच्या वडीत साबणासोबत भराव म्हणून खनिजांची पूड असते, ती नीट खळबळली नाही तर लवेतच बसते. नंतर रस्त्याकडेच्या कठड्यावर वाळत घातली, वर धूळ. धूळ ओढून घेणं हेच ज्याचं काम, ते वाळतानाही ते काम करणारच! आणि त्याच फडक्यानं आधी चाकं पुसलेली, त्यात ब्रेकची लोखंडी भुकटी.

जुन्या गाड्यांवर हे कदाचित एवढं दिसलंही नसतं. साधारण १९८० च्या दशकापासून गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर द्यायची पद्धत रुळली. तो ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. ओरखडा त्याच्यावर पडतो आणि खालच्या काळ्या रंगावर उन्हात चमकतो.

“पण पाकिटावर सूचना असतात की!” हे मालकांचं वाक्य. असतात. इंग्रजीत. मला अडकवून टाकणारी गोष्ट इथेच सापडली. कपड्यांच्या लेबलवरच्या खुणा तुम्ही पाहिल्या असतील: टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री. त्या जपणाऱ्या गिनेटेक्स या संस्थेची स्थापना १९६३ मध्ये पॅरिसला झाली. भाषा न येणाऱ्यालाही कळावं, हाच चित्रांचा फायदा. टबात दोन ठिपके म्हणजे ४० अंश, फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको. आता या फडक्याचे दोन सगळ्यात महत्त्वाचे नियम बघा: फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका आणि सुती कपड्यांसोबत धुवू नका. या दोन्हींसाठी त्यात खूणच नाही! सॉफ्टनर म्हणजे तंतूवर चढवलेला स्निग्ध लेप. सुती टॉवेल त्यानं मऊ लागतो. इथे तो नेमका फटी बुजवतो. पण ही चित्रं कपड्यांसाठी ठरली, गाडी पुसायच्या फडक्यासाठी नाही. अमेरिकेतला धुण्याच्या सूचना सक्तीचा करणारा १९७१ चा नियमही अंगावरच्या कपड्यांपुरताच.

तर काका काय वाचणार होते?

रुथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंचं ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे १९८३ चं पुस्तक माझ्या टेबलावर कायम असतं. घरातली कष्ट वाचवणारी यंत्रं आली तरी बाईचं काम कमी झालं नाही, असं त्या दाखवतात. या फडक्याचंही तसंच. पुसणं सोपं झालं आणि धुणं अवघड. तेही पुसणाऱ्याच्या गळ्यात. ज्याच्याकडे ना वॉशिंग मशीन, ना झाकणाचा डबा, ना फडकी वाळवायला बिनधुळीची जागा.

मी मालकांशी बोलले. ठरलं ते असं. काचेची, रंगाची आणि चाकांची फडकी वेगवेगळ्या रंगांची. धुणं महिन्यातून दोनदा मालकांच्या मशीनमध्ये: फक्त हीच फडकी, कोमट पाणी, थोडा पातळ डिटर्जंट, सॉफ्टनर नाही, एक खळबळ जादा. मेण किंवा पॉलिश लागलेलं फडकं वाळून खडखडीत व्हायच्या आत भिजवायचं. कडक उष्णता नको, शेवटी ते प्लास्टिकच. सावलीत पूर्ण वाळलं की झाकणाच्या डब्यात, ओलसर ठेवलं तर कुबट वास येतो. जमिनीवर पडलेलं फडकं रंगाला परत लावायचं नाही, ते चाकांना. तिथून पुढे इंजिन. काका हसले, म्हणाले, “म्हणजे पोतेरंच की.” मला जे समजावायला अर्धा तास लागला ते त्यांनी एका शब्दात सांगितलं.

एक गोष्ट मात्र मला सुटलेली नाही. २०११ मध्ये मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं की एका कृत्रिम कपड्यातून एका धुण्यात १,९०० हून अधिक तंतू पाण्यात जाऊ शकतात. तो आकडा कपड्यांचा आहे. पण आमचा डबाभर फडकी धुतलेलं पाणीही गटारातच जातं. बादलीत धुतलं तरी जातंच. पुढच्या प्रकरणात हे कसं बसवायचं, यावर माझ्या मार्गदर्शकांशी वाद चालू आहे.

काकांचं काम टिकलं. पंधरा दिवसांनी मात्र त्या मालकांकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी मला जिन्यात गाठलं. “ताई, ती गाडीची फडकी वेगळी लावायची असं तुम्हीच सांगितलंत ना? मशीन दुसऱ्यांदा लावायची, सावलीत वाळवायची, परत रंग बघून घड्या घालायच्या. त्याचे पैसे कोण देणार?”

मालक म्हणतात, बघू.