दोन वाक्यांचा दावा

आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा चार लाखांचा खर्च चहा यायच्या आत मंजूर झाला. मग जिन्यातल्या पाटीवर 'चपला बाहेर काढाव्या' लिहायचं की 'काढाव्यात', यावर पाऊण तास गेला. काढाव्यातवाल्यांत मीही होतो, हे कबूल करतो. घरी येऊन चिरंजिवांना हकीकत सांगितली, तर कॉम्प्यूटरवरची नजर न काढता ते म्हणाले, "बाबा, आमच्याकडे याला सायकलींचं छप्पर म्हणतात."

हे छप्पर मूळचं इंग्लंडातलं. पार्किन्सन नावाच्या गृहस्थांनी १९५७ साली एका पुस्तकात एक काल्पनिक समिती रंगवली. ही समिती अणुभट्टीचे एक कोटी पौंड अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकली ठेवायच्या ३५० पौंडांच्या छपरावर ४५ मिनिटं घालवते. अणुभट्टी कुणाला कळत नाही, छप्पर मात्र सगळ्यांना कळतं! १९९९ मध्ये पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रामरने ते संगणकाच्या अंगणात आणून उभं केलं. 'फ्रीबीएसडी' ही गावजेवणासारखी, दहाजणांनी मिळून रांधलेली आणि सर्वांना फुकट असलेली प्रणाली. तिच्यात 'स्लीप' नावाची आज्ञा आहे. इतके सेकंद गप्प बस, एवढंच ती सांगते. तिला सेकंदाचा अपूर्णांक कळावा की नाही, यावरून मंडळींची झोप उडाली आणि काम्पसाहेबांनी वैतागून सगळ्यांना लांबलचक पत्र लिहिलं.

पण खरी लढाई २०१८ सालची. 'जीलिबसी' म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्रॅम ज्याच्या खांद्यावर उभे असतात ते लिखाण. त्याच्या माहितीपुस्तकात 'अबॉर्ट' या फंक्शनचं वर्णन आहे. चालता प्रोग्रॅम मध्येच बंद पाडणं, हे त्याचं काम. पण अबॉर्ट म्हणजे गर्भपातसुद्धा. अमेरिकेत १९८८ साली नियम निघाला, की सरकारी पैशावर चालणाऱ्या कुटुंबनियोजन केंद्रांनी गर्भपाताबद्दल सल्ला द्यायचा नाही. १९९१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला, १९९३ मध्ये क्लिंटन यांनी मागे घेतला. असल्या मुस्कटदाबीला चिमटा काढण्यासाठी 'ग्नू' प्रकल्पाचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्या वर्णनात दोन वाक्यं घातली होती. आशय असा, की उद्या सरकारी नियमामुळे या फंक्शनची माहिती द्यायलाच आम्हाला बंदी होईल.

क्लिंटन गेले, विनोद राहिला. २०१८ मध्ये एकाने सुचवलं, की या वाक्यांतून फंक्शनची काहीच माहिती मिळत नाही, काढून टाका. काढली. स्टॉलमन म्हणाले, ग्नूचा प्रमुख मी, वाक्यं राहतील. झालं! दुसऱ्या एकाने ती परत घातली.

मी आधी पोट धरून हसलो. पण चिरंजीव हसेनात. कारण काहींचं म्हणणं होतं, की ज्या बाईवर तो प्रसंग गुजरला आहे, तिने कामासाठी पान उघडावं आणि समोर हे यावं, हे बरं नव्हे. स्टॉलमन म्हणत, विनोद गर्भपातावर नाहीच, मुस्कटदाबीवर आहे. आणि याहून अवघड प्रश्न घराच्या मालकीचा. २०१२ पासून जीलिबसीची सुकाणू समिती बरखास्त होऊन कारभार सहमतीने चालला होता. रोज राबणाऱ्यांनी ठरवायचं, की पाया घालणाऱ्या वडीलधाऱ्यांनी? हे काही सायकलींचं छप्पर नव्हे.

माझं मत विचाराल, तर वाक्यं काढायला हवी होती. जो विनोद समजायला आधी १९८८ चा नियम सांगावा लागतो, त्याचं आयुष्य संपलं. मात्र स्टॉलमन यांचं दुःखही मला कळतं. वीस वर्षांपूर्वी एका संपादकांनी माझ्या लेखातला एक विनोद कापला होता. लेख विसरलो, तो विनोद अजून पाठ आहे. (घरात कुणी ऐकून घेत नाही.)

पाटीचं म्हणाल, तर 'काढाव्यात' मंजूर झालं. अक्षरं निळी की लाल, हे पुढच्या सभेत.