तारण, सत्कर्मे व स्वर्गीय प्रतिफळ (ख्रिस्ती धर्ममत)

येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाने व पुनरुत्थानाने मनुष्याची पापाच्या दास्यातून झालेली सुटका म्हणजे तारण, आणि ते ईश्वराच्या कृपेवाचून कोणासही लाभत नाही, एवढे सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांस मान्य आहे; तंटा आहे तो त्या कृपेच्या कारभारात सत्कर्मांना कोणते स्थान द्यावे याविषयी. पौलाने रोमकरांस पाठविलेल्या पत्रात मनुष्य नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो असे प्रतिपादिले, तर याकोबाच्या पत्राने कर्महीन विश्वास निर्जीव ठरविला. आणि नवल असे की दोघांनीही दाखला दिला तो एकाच अब्राहामाचा.

मनुष्याच्या इच्छाशक्तीवर भिस्त ठेवणाऱ्या पेलागियसाचे मत ४१८ च्या कार्थेज धर्मसभेने त्याज्य ठरविले. पुढे १५१७ मध्ये दंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने आवाज उठविला आणि त्यातूनच केवळ विश्वासाने तारण हा प्रॉटेस्टंट सिद्धान्त पुढे आला. त्यास उत्तर म्हणून ट्रेंटच्या रोमन कॅथलिक धर्मसभेने १५४७ मध्ये असा निर्णय दिला की विश्वास हे तारणाचे मूळ खरे, परंतु कृपेच्या बळावर केलेल्या सत्कर्मांनी नीतिमत्त्व वृद्धिंगत होते.

खरी बिकट बाब मात्र प्रतिफळाची आहे. जे फुकट मिळाले त्याची मजुरी कसली? गुप्तपणे केलेल्या दानाचे फळ पिता देईल असे सांगणारे मत्तयाचे शुभवर्तमानच, दिवसभर राबलेल्यांस व अखेरच्या घटकेस आलेल्यांस सारखाच दिनार देणाऱ्या द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्तही सांगते. त्या दृष्टान्ताच्या आधारे स्वर्गात सर्वांस समान पद मिळेल असे जोव्हिनियन या संन्याशाने म्हणताच धर्मपंडित जेरोमने ३९३ च्या सुमारास त्याच्याविरुद्ध ग्रंथच लिहिला, आणि त्यात युक्तिवादापेक्षा संताप अधिक आहे. पौल करिंथकरांस लिहितो त्याप्रमाणे, ज्याचे बांधकाम अग्निपरीक्षेत जळून जाईल त्याचे नुकसान होईल, तरी तो स्वतः तरेल. म्हणजे तारण आणि प्रतिफळ यांची खाती निराळी आहेत. ऑगस्टीनच्या मते ईश्वर आपल्या भक्तांच्या पुण्याईस मुकुट घालतो तेव्हा वस्तुतः स्वतःच्याच देणग्यांचा गौरव करतो, आणि या विचाराचा आधार ट्रेंटने घेतला तसा प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिननेही घेतला. कॅल्व्हिनच्या लेखी प्रतिफळ म्हणजे चाकराचा मुशाहिरा नव्हे, पुत्राचा वारसा.

१९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे रोमन कॅथलिक व लूथरन प्रतिनिधींनी नीतिमान ठरविले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. परंतु सत्कर्मांस पुण्याई म्हणावे की केवळ विश्वासाचे फळ, यावर उभय पक्षांची भाषा त्या दस्तऐवजातही वेगवेगळीच राहिली.