'स्क्रम' पद्धती आणि एफ. बी. आय.च्या फायली

२००१ साली सप्टेंबरच्या ११ तारखेस न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे भीषण हल्ले झाले, तेव्हा अमेरिकेच्या मध्यवर्ती तपासयंत्रणेची, म्हणजेच एफ. बी. आय.ची, एक विलक्षण अडचण उघडकीस आली. संशयित अपहरणकर्त्यांची छायाचित्रे आपल्याच शाखांना संगणकावरून धाडण्याची सोय तिच्यापाशी नव्हती. ती टपालाने पाठवावी लागली. ज्या देशाने चंद्रावर माणूस उतरविला, त्याच्या तपासयंत्रणेचे दप्तर अजून कागदी फायलींतच बांधलेले होते!

हे दप्तर संगणकावर नेण्याचे काम 'व्हर्च्युअल केस फाइल' या नावाने त्याच वर्षी आरंभिले गेले होते. हल्ल्यांनंतर त्याची व्याप्ती वाढली आणि घाईही वाढली. गरजांची आठशेहून अधिक पृष्ठांची जंत्री तयार झाली. परंतु काम चालू असता मागण्या वारंवार बदलत गेल्या, आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्ची पडल्यावर २००५ साली हा संकल्प सोडून द्यावा लागला. पुढल्या वर्षी मार्च महिन्यात 'सेंटिनेल' या नव्या नावाने तेच काम लॉकहीड मार्टिन या कंपनीकडे सोपविण्यात आले. चार टप्पे ठरले, आणि २००९ च्या अखेरीस सर्व पूर्ण व्हावयाचे होते.

येथे क्षणभर थांबून त्या काळी रूढ असलेल्या कार्यपद्धतीकडे पाहावयास हवे. प्रथम सर्व गरजा लिहून काढावयाच्या, मग आराखडा, मग आज्ञावलीचे लेखन, मग चाचणी, आणि सरतेशेवटी वस्तू ग्राहकाच्या हाती द्यावयाची, असा हा क्रम होता. पाणी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर पडते आणि परत वर चढत नाही, म्हणून या पद्धतीस 'धबधबा' असे नाव पडले. या पद्धतीचे जनकत्व विन्स्टन रॉइस या अभियंत्याकडे देण्याचा प्रघात आहे. वास्तविक १९७० साली लिहिलेल्या निबंधात त्याने या पायऱ्यांचे चित्र काढले खरे, पण लगेच बजावलेही की अशा रीतीने काम करणे धोक्याचे असून त्यातून अपयश ओढवेल. नव्या प्रकारची प्रणाली असेल तर ती दोनदा रचावी, असा सल्लाही त्याने दिला. 'घर पाहावे बांधून' या आपल्या म्हणीतील अनुभवच तो सांगत होता. लोकांनी चित्र तेवढे उचलले, आणि इशारा निबंधातच राहिला. १९८५ साली तर अमेरिकी संरक्षण खात्याने तशाच धाटणीचा क्रम आपल्या नियमांत गोवला.

या पद्धतीला पर्याय मिळाला तो संगणकाच्या क्षेत्राबाहेरून. १९८६ साली हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका या दोन जपानी प्राध्यापकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या नियतकालिकात एक लेख लिहिला. होंडा, कॅनन आदी कंपन्या नवी उत्पादने इतक्या जलद कशी सिद्ध करतात, याचा शोध त्यांनी घेतला होता. टप्पा शर्यतीतील धावपटूप्रमाणे एकाने दुसऱ्याच्या हाती काठी देऊन मोकळे व्हावयाचे, अशी तेथे रीत नव्हती. रग्बीच्या चमूप्रमाणे सारेजण चेंडू एकमेकांकडे देत एकत्रच पुढे सरकत. त्या खेळात खेळाडू खांद्यास खांदा भिडवून जी झुंज घेतात, तिला 'स्क्रम' म्हणतात. हाच शब्द जेफ सदरलँड यांनी १९९३ साली ईझेल नामक कंपनीतील आपल्या कामास लावला. हे गृहस्थ पूर्वी व्हिएतनाममध्ये वैमानिक होते. १९९५ साली केन श्वेबर यांच्यासह त्यांनी ही पद्धत जाहीरपणे मांडली, आणि २००१ च्या फेब्रुवारीत यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ जणांनी अशा सर्व पद्धतींना मिळून 'अजाइल', म्हणजे चपळ, हे नाव दिले.

२०१० च्या उन्हाळ्यात सेंटिनेलची अवस्था काय होती? ४५ कोटी १० लाख डॉलरच्या अंदाजपत्रकापैकी ४० कोटी ५० लाख संपले होते, आणि चारांपैकी दोनच टप्पे हाती आले होते. याच रीतीने काम चालविल्यास आणखी ३५ कोटी डॉलर व सहा वर्षे लागतील, असा स्वतंत्र तज्ज्ञांचा हिशेब निघाला. तेव्हा यंत्रणेने काम थांबविले, सूत्रे स्वतःकडे घेतली आणि स्क्रम पद्धती स्वीकारली.

सर्व गरजा लहान लहान 'कथां'च्या रूपाने लिहिल्या गेल्या : अमुक अधिकाऱ्यास अमुक काम अमुक कारणासाठी करता यावे, इतकेच. त्यांचा अग्रक्रम लावण्याचा अधिकार एका व्यक्तीकडे असतो. दोन आठवड्यांची एक 'स्प्रिंट'. तिच्यात पुऱ्या होतील तेवढ्याच कथा हाती घ्यावयाच्या. रोज सकाळी उभ्या उभ्याच पंधरा मिनिटांची बैठक. दोन आठवडे सरले की जे तयार झाले ते प्रत्यक्ष चालवून दाखवावयाचे. अहवाल वाचून भागत नाही. या पद्धतीचे सारे मर्म या अखेरच्या अटीत आहे. निम्मे लिहिलेले कलम कागदावर पूर्ण भासते, परंतु निम्मी लिहिलेली आज्ञावली दाखवावयास उभे राहिले की सर्वांसमक्ष अडखळते. माणसेही पुष्कळ कमी करण्यात आली. शेकडोंच्या जागी काही डझन उरली.

तथापि जादू झाली असे समजू नये. काम बारा महिन्यांत संपावयाचे होते, ते संपले नाही. २०११ च्या ऑक्टोबरात शेकडो कर्मचाऱ्यांकरवी चार तासांची चाचणी घेतली असता प्रणाली दोनदा बंद पडली. आज्ञावली नवी होती, पण ती चालविणारी यंत्रसामग्री अपुरी ठरली. ती बदलण्यात आणखी महिने गेले. अखेर १ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल सर्व कर्मचाऱ्यांसाठी खुली झाली, आणि कागदी फायलीचे राज्य मावळू लागले.

२०१४ साली सरकारी तपासनिसांनी वापरणाऱ्यांची मते अजमावली. प्रणालीने कामात सुधारणा झाली, असे बहुसंख्यांनी सांगितले. मात्र फायलींत हवी ती माहिती शोधण्याची सोय वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांनाच हवे ते वरचेवर सापडत असे.