इर्शाळवाडी: तासाभराची चढण

१७ ते १९ जुलै २०२३. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस. रायगडला रेड अलर्ट. दरडप्रवण गावांच्या यादीत खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीचे नाव नाही. याच जिल्ह्यात तळीयेवर दरड कोसळली त्याला दोन वर्षे व्हायला तीन दिवस बाकी.

बुधवार, १९ जुलै, संध्याकाळ. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची वाडी. ४८ कुटुंबे, २२८ माणसे. गाडीरस्ता नाही; पायथ्यापासून तासाभराची चढण. वाडीतल्या पायांना ती रोजची. बाहेरच्याला छातीवर येते.

रात्री १०.३० ते ११. दरड कोसळली.

११.३०. जिल्हा यंत्रणेला खबर.

मध्यरात्रीनंतर. पथके चढू लागली. अंधार, चिखल, पाठीवर सामान. झोपमोड, ओले अंग आणि घाई एकत्र आली की नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीपासून चरबीचा थर असेल, तर तो अशा वेळी फाटून गुठळी होऊ शकते. तोवर माणसाला अनेकदा काहीच जाणवलेले नसते.

२० जुलै, चढणीवर. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी कोसळले. हृदयविकाराचा झटका. वाडी वरच राहिली.

झटक्याने हृदयाची लय बिघडली, तर पुढचा हिशेब मिनिटांचा असतो.

पहिली सेकंदे. हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात. रक्त पुढे जात नाही.

सुमारे १० सेकंद. शुद्ध हरपते.

चौथे-पाचवे मिनिट. मेंदूच्या पेशी मरू लागतात. विजेचा झटका देऊन लय परत आणायला लागणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी कमी करते. छाती दाबत राहिले, तर ही घसरण मंदावते.

त्यानंतर. हृदय पुन्हा चालू झाले तरी मेंदू सुजू शकतो. कवटी पसरत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. तोच दाब मग नव्या रक्ताची वाट अडवतो.

२० जुलै, इर्शाळवाडीतली सकाळ. हवामानामुळे हेलिकॉप्टर उडाले नाही. यंत्रे वर नेता आली नाहीत. कुदळ-फावड्यांनी खोदकाम.

रविवार, २३ जुलै. शोध थांबला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता.

यापुढे डोंगरावर रात्रीचे पथक चढेल, तेव्हा लय परत आणणारे यंत्र पायथ्याच्या रुग्णवाहिकेत नको. पथकातल्या कुणाच्या तरी पाठीवर हवे.