तिलारी प्रकल्प
महाराष्ट्र-गोवा सीमेवरील जलविद्युत व पाटबंधारे प्रकल्प. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात घाटमाथ्यावर अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पायथ्याशी कोनाळ येथील वीजगृहात सोडले जाते. ६० मेगावॉट क्षमतेचे हे वीजगृह १९८६ मध्ये सुरू झाले. जनित्र फिरवून बाहेर पडलेले पाणी दोडामार्ग तालुक्यातील खालच्या धरणास मिळते. १९९० च्या आंतरराज्य करारानुसार या धरणाच्या पाण्यातील मोठा वाटा गोव्याचा असून कालव्यांद्वारे पेडणे, डिचोली व बार्देश तालुक्यांना पाणीपुरवठा होतो. गोव्यात तिलारी नदी शापोरा नावाने अरबी समुद्रास मिळते.

कार्बन उत्सर्जनाच्या दृष्टीने पाहता, तिलारीसारख्या जलविद्युत निर्मितीत इंधन जळत नाही. तथापि जलाशयात बुडालेली झाडे कुजून कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतात, विशेषतः उष्ण प्रदेशात. हे वायू विस्तीर्ण जलपृष्ठावरून विखुरतात, त्यामुळे ते पकडणे जवळजवळ अशक्य असते. औष्णिक केंद्राच्या धुराड्यातील कार्बन डायऑक्साइड मात्र अमाइन द्रावणात शोषून वेगळा करता येतो. या प्रक्रियेत केंद्राची बरीच ऊर्जा खर्च होते. गोव्याची बरीचशी वीज छत्तीसगडमधील कोरब्यासारख्या परराज्यांतील कोळसा केंद्रांतून येते. साहजिकच तिच्या निर्मितीतील कार्बन पकडायचा झाल्यास तो तेथेच पकडावा लागेल.